ही वाकळ कुणाची?

२०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. तोक्योत सकाळी डोळे उघडले तर घरच्या ग्रुपवर निरोपांचा ढीग. सगळ्यांचा शब्द एकच, चोरी. मलाही राग आला. पुढे कंपनीने भारतीय चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सरकारी महामंडळांशी करार झाला आणि तिकडच्याच कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचं ठरलं. वाद निवला. माझ्या मनात मात्र त्यातला एक शब्द रुतून बसला: प्रेरणा.

चप्पल चामड्याची, मी कापडाची. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून त्यावर हाताने टाके घालणं हे गेली सात वर्षं माझं काम आहे. आमच्या सातारा भागात त्याला वाकळ म्हणतात, बराचसा महाराष्ट्र गोधडी म्हणतो. प्रेरणा कुठून येते, ती घ्यायची कशी, घेतल्यावर आपलं असं काय उरतं, हे प्रश्न सुईत दोरा ओवताना रोज समोर असतात. म्हणूनच मला वाटतं की आपल्याकडचा तो वाद अर्ध्यावरच थांबला. आपलं कुणी नेलं, यावर आपण भरभरून बोललो. आपलं कुणी केलं, हे विचारायचं राहून गेलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. पहिल्याच हिवाळ्यात वस्तीच्या सार्वजनिक केंद्रातल्या साशिकोच्या वर्गात जाऊ लागले. साशिको म्हणजे निळीत रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याने घातलेला धावदोरा. कापड टिकावं, ऊब धरावी म्हणून गोरगरिबांच्या घरात वाढलेली ही शिवण. बघताक्षणी वाटलं, हे तर आपलंच. पण सुई हातात घेतली आणि हात परका झाला. आपण सुई कापडातून वरखाली चालवतो. इथे सुई जवळजवळ जागेवर धरायची आणि कापड तिच्यावर चढवत न्यायचं. मधल्या बोटात अंगठीसारखं अडकवलेलं अंगुस्तान तळहाताशी येतं, सुईचं बूड त्यावर टेकवायचं. सुईवर चुण्या भरल्या की दोरा ओढून घ्यायचा आणि मग शिवण दोन्ही चिमटींत धरून हलकेच ताणायची, नाहीतर कापड आवळतं. हे शेवटचं काम मला कुणी शिकवावं लागलं नाही. आजी दर वितीला थांबून तेच करायची. ‘आवळलंस बघ, सोड जरा,’ हे तिचं वाक्य अजून माझ्या अंगठ्यात आहे.

वर्गात कापड छापील मिळायचं. पाण्यात धुतल्यावर निघून जाणाऱ्या रेषा, त्यांवरून टाके घालत जायचे. टाका तांदळाएवढा, पुढचा जरा लांब, मागचा जरा आखूड. दोन वर्षं मी तेच केलं. हात बसला, बाईंनी शाबासकी दिली. असानोहा नावाची षटकोनी पानांची नक्षी एका मोठ्या कापडावर पुरी केली आणि व्हिडिओ कॉलवर मावशीला दाखवली. मावशीने ऐंशी गाठलीय, डोळे अजून सुईतून दोरा काढतात.

‘लई सुबक झालंय गं,’ ती म्हणाली. ‘पर ही कुणाची?’

‘माझीच की, मावशी.’

‘तसं न्हवं. ह्यात तुजं टाकं कुठं हाईत?’

त्या रात्री मला झोप लागली नाही. रेषा धुऊन गेल्या होत्या, पण कापडावर जे उरलं होतं तेही त्या रेषांचंच होतं.

मग कोरं कापड आणलं आणि पंधरा दिवस ते नुसतं मांडीवर घेऊन बसले. कापडाचं काम करणाऱ्या कितीतरी जणी मला सांगतात की त्यांचंही असंच होतं. फोन उघडला की जगभरच्या सुंदर गोधड्या एकामागून एक सरकत येतात. प्रत्येक चांगली दिसते आणि प्रत्येकीनंतर आपला हात थोडा आणखी थिजतो. बघण्याने पोट भरतं आणि कामाची भूकच मरते. मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. घरातले टाकायला काढलेले कपडे जमिनीवर पसरले आणि त्यांतला सगळ्यात मोठा आधी उसवायला घेतला.

तो नवऱ्याचा गडद निळा शर्ट होता, बारा वर्षं धुऊन धुऊन राखाडी झालेला. छातीवरचा खिसा उसवला आणि खाली हाताच्या पंजाएवढा चौकोन निघाला, नवा कोरा, दुकानातून आणला त्या दिवशीच्या निळाईचा. बारा वर्षांत तिथे ऊन पोहोचलंच नव्हतं. कडेने जुन्या शिवणीची बारीक भोकं, एका कोपऱ्यात फुटलेल्या पेनाचा डाग. मी कितीतरी वेळ त्याच्यावरून बोट फिरवत राहिले. तो चौकोन वाकळीच्या मधोमध यायचा, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पहिला टाका तिथे घातला. त्याच्या शेजारी कुठला तुकडा लावायचा ते त्या चौकोनाने ठरवलं, पुढचा त्या दुसऱ्या तुकड्याने. माझ्यापुरता मला प्रेरणेचा पत्ता सापडला तो तिथे. हातातल्या कापडाकडे इतकं निरखून बघायचं की पुढचं काय ते त्यालाच सुचू लागतं. आणि सुचल्यावर लगेच कुणाचा होकार शोधायला निघायचं नाही, हे त्याहून कठीण आहे.

महाराष्ट्रात दुसरा एक वाद सतत चालतो, अस्सलतेचा. नऊवारी लुगड्याची तीच खरी गोधडी, नायलॉनचा तुकडा आला की बिघडली, भडक गुलाबी आपला नाही. या बोलण्यामागे जिव्हाळा आहे हे मी जाणते, पण ते खरं नाही. आजीच्या वाकळीत वरचे थर लुगड्याचे आणि खणाच्या चोळ्यांचे आहेत, कारण तेव्हा घरात तेच जुनं व्हायचं. मामा नोकरीला लागले, टेरिकॉटचे शर्ट घरात आले आणि दहा वर्षांनी तेही वाकळीत आले. पिवळाजर्द टेरिकॉट आजीने जुन्या जांभळ्या खणाशेजारी बेधडक लावला आहे. परंपरा बिघडेल असा विचार तिच्या मनाला शिवला असेल असं मला वाटत नाही. तिला कापड कळत होतं आणि स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता.

जपानच्या उत्तरेकडच्या कोगिन नावाच्या शिवणीची गोष्ट मला इथे फार जवळची वाटते. १७२४ साली त्सुगारु संस्थानाने शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला मनाई केली. तिथल्या कडाक्याच्या थंडीत त्यांच्या वाट्याला आलं तागासारखं विरळ, जाडंभरडं कापड. पुढे सुती दोरा हाती येऊ लागला तसा बायकांनी त्या कापडाची छिद्रं दोऱ्याने बुजवायला घेतली. आडवे टाके, कापडाचे धागे मोजून, एक, तीन, पाच, सात असे विषम. त्या मोजणीतून चौकटींची इतकी देखणी नक्षी उमलली की आज ती संग्रहालयांत काचेमागे आहे. पण रेल्वे आली, सुती कापड सहज मिळू लागलं, तेव्हा त्याच बायकांनी ते काम झटक्यात मागे टाकलं. गरज होती तोवर केलं, इतकंच. आज जे नवी कोगिन करतात ते धागे विषमच मोजतात, दोरा मात्र लाल, हिरवा, हवा तो घेतात.

मग दुसऱ्याचं घ्यायचंच नाही का? मी स्वतः साशिको शिकलेली बाई, मी तसं कसं म्हणेन? सेरिझावा केइसुके या रंगारी कलावंताने १९२८ साली तोक्योच्या एका प्रदर्शनात ओकिनावाचं बिंगाता कापड पाहिलं आणि तो हलून गेला. १९३९मध्ये तो ओकिनावाला जाऊन तिथल्या कारागिरांकडे शिकला. आपलं काम कुठून आलं हे त्याने कधी लपवलं नाही, आणि तरी त्याने छापलेली अक्षरं, त्याचे पडदे दुरूनही त्याचे म्हणून ओळखू येतात. ओकिनावा हे जपानने १८७९ साली आपल्यात ओढून घेतलेलं राज्य, त्यामुळे थोरला कोण आणि धाकटा कोण हा प्रश्न तिथेही होताच. पण आधी नाव घेणं, मग जाऊन बसणं, शिकणं, आणि शेवटी आपलं करणं, हा क्रम त्याने पाळला. चपलांच्या बाबतीत तो क्रमच उलटा झाला. आधी रॅम्प, मग नाव, मग कारागीर. आपला राग तिथे रास्त होता.

आपल्याकडच्या रागातही मला एक पोकळी दिसते. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार. ते हवंच. मुलखाच्या नावाची राखण त्याने होते. पण मुलूख शिवत नाही. शिवतो तो एकेक हात, आणि त्या हाताचं नाव आपणही घेत नाही. बचत गटांच्या प्रदर्शनात मी गोधड्या उलगडून बघते. चिठ्ठीवर गटाचं नाव असतं, तालुका असतो, किंमत असते. जिने तीन महिने कंबर मोडून ती शिवली तिचं नाव मला अजून एकाही चिठ्ठीवर दिसलेलं नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘आमच्या बायका करतात.’

इथेही थोर विचारवंतांनी हेच केलं आहे. यानागि सोएत्सु यांनी १९३६ साली तोक्योत लोककलेचं संग्रहालय उभं केलं, माझं तिथे वरचेवर जाणं होतं. त्यांचे उपकार मोठे, त्यांनी त्या वस्तू जपल्या. अनामिक कारागिराच्या हातून नकळत जे उतरतं ते सौंदर्य खरं, असं ते मानत. मला हे पटत नाही. अनामिक ती संग्रहालयाला असते. मावशीला नसते.

गेल्या दिवाळीत मी मावशीकडे होते. पत्र्याच्या ट्रंकेतून सहा वाकळी काढून अंगणात उन्हात टाकल्या. माझ्या हिशेबी सगळ्या सारख्या, काठापासून आत चौकोनात चौकोन फिरत गेलेला धावदोरा. मावशीने एकेक उलटून मागची बाजू बघितली. ‘ही आईची. ती कोपऱ्यावर वळताना एक टाका जास्तीचा घालायची, कोपरा दबू नये म्हणून. ही सासूबाईंची, दोरा दुपदरी. ही थोरल्या जाऊबाईंची, डावरी होती, टाकं उलट्या अंगाला कलत्यात बघ. ही दोघींची हाय, मधनं हात बदललाय.’ तिने जिथे बोट ठेवलं तिथे खरंच टाक्याची लांबी बदलली होती. मी पन्नास वेळा ती पांघरली असेल, मला कधी दिसलं नव्हतं. ‘ही माझी,’ पाचवी तिने झटकून बाजूला ठेवली, जरा लाजल्यासारखी.

माझा स्वतःवरचा विश्वास परत आला तो त्या अंगणात. एकटीने आरशासमोर उभं राहून तो मिळत नाही, निदान मला मिळाला नाही. आपण घातलेला एक जास्तीचा टाका कुणीतरी ओळखणार आहे, हे माहीत असलं की हात मोकळा होतो. आजीला तो ओळखणाऱ्या बायका चहूबाजूंना होत्या. मला साता समुद्रापार एक मावशी आहे.

जपानला बघा, ते कलावंताला कसा मान देतात, असे निरोप मला गावाकडून येतात. मान देतात, खरं आहे. सरकार ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून निवडलेल्यांना वर्षाला वीस लाख येन देतं. पण तो मान मोजक्या, नावाजलेल्या हातांना मिळतो. माझ्या वर्गातल्या सत्तरीच्या बायका रेषा छापलेल्याच कापडावर शिवतात आणि आपण केलं ते काहीच नव्हे असं म्हणत घडी घालून ठेवतात. त्यांच्यातल्या एकीला मी माझा तो खिशाचा चौकोन दाखवला. तिने आधी कापड उलटून मागची बाजू पाहिली, मग विचारलं, ‘इथे का वळलीस?’ डागापाशी टाके जरा वळसा घेऊन गेले आहेत. मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती घरून वडिलांच्या जुन्या किमोनोचं अस्तर घेऊन आली.

तिकडे करार होत राहोत, मानांकनं मिळत राहोत. माझी मागणी त्याहून लहान आणि उद्यापासून होण्यासारखी आहे. गोधडी विकत घ्याल तेव्हा उलटून बघा आणि शिवणारीचं नाव विचारा. गट चालवणाऱ्या ताईंनी तालुक्याच्या वर ते नाव लिहावं. घरात ट्रंकेत असतील तर ओळखणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.

मी सुती फीत आणि न धुपणारी शाई घेऊन गेले होते. पाच वाकळींच्या मागच्या कोपऱ्यात पाच पूर्ण नावं, माहेरच्या आडनावासकट, टाके घालून लावली. दोघींची होती तिच्यावर सहावं नाव आलं. शेवटची वाकळ मावशीने तीनदा उलटसुलट केली. टाके बारीक, अगदी सरळ, मध्ये कुठेतरी निळ्या दोऱ्याची एकच ओळ. तिला आठवेना. ‘वन्सं सांगतील,’ ती म्हणाली, ‘त्यांच्या लग्नाआधीची असंल.’ वन्सं मिरजेला असतात, त्यांना कमी ऐकू येतं, पण दिसतं चांगलं. त्या निळ्या ओळीचे फोटो मी मोठे करून त्यांच्या नातीला पाठवले आहेत. रविवारी फोन करायचा आहे.