हवेत बरोबर दाखवते म्हणे!

"सीलबंद आहे भाऊ, नवाच माल." दुकानदारांनो, बंद करा हे पालुपद! काल माझ्या रिब्रीदरचे, म्हणजे सोडलेलाच श्वास साफ करून, ऑक्सिजन घालून परत देणाऱ्या डायव्हिंगच्या यंत्राचे, ऑक्सिजन सेन्सर (सेल) आले. तिन्ही एकाच बॅचचे, बनवून वर्ष उलटलेले. तारखेवरच दुकानाचं स्टिकर चिकटवलं होतं. नखाने खरवडलं तेव्हा दिसली. सेलमधलं शिसं झिजतच असतं ना, वापरा की कपाटात ठेवा!

फोन केला तर म्हणतो, "हवेत लावून बघा न, १० मिलिव्होल्ट दाखवते. अजून काय पाहिजे?" अरे, हवेत तर शेवटच्या घटका मोजणारा सेलही १० दाखवतो! मल्टिमीटर लावून शुद्ध ऑक्सिजन सोडला. हवेत १०, म्हणजे आता ४८ च्या आसपास जायला हवा. पहिला ३८ वर गेला, मग ४०, ४१, आणि तिथेच बसला. वाट पाहिली, हलायचं नाव नाही. दुसराही तसाच. असा सेल घेऊन १.३ बारच्या सेटपॉइंटवर (यंत्राने राखायचा ऑक्सिजनचा दाब) खाली गेलो तर तो १.३ पर्यंत पोचणारच नाही. कंट्रोलरला वाटणार ऑक्सिजन कमी पडतोय, सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारा व्हॉल्व्ह) ओततच राहणार. दाब १.६ च्या वर गेला की कधीही झटके येऊ शकतात, तोंडातला माउथपीस सुटतो आणि माणूस बुडतो. आणि हा मला हवेतले १० सांगतो!

वरून शहाणपण, "तिघांची सरासरी धरा." कशाची सरासरी? दोन मेलेले सेल एकमेकांशी जुळले की मशीन तिसऱ्या धडधाकट सेललाच खोटं ठरवते.

कुरिअरवाले तर विचारूच नका. गेल्या नवतप्यात पारा ४५ वर, आणि खोकं वाडीच्या गोडाऊनमध्ये पत्र्याखाली भाजत पडलेलं. उन्हात सेलचं आयुष्य आणखी घटतं, पण मेसेज काय, 'ग्राहक घरी नाही'. घरातच होतो ना बाप्पा, कूलरसमोर!

आणि ते "नागपुरात कुठला समुद्र?" वाले. समुद्र अंदमानात आहे, पण सेल निघायच्या आधी इथेच तपासावे लागतात. तेही शुद्ध ऑक्सिजनचा दाब डोळे मिटून १.० बार धरून नाही. नागपूर ३१० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे शुद्ध ऑक्सिजनही इथे ०.९७ च्या आसपासच भरतो. हे त्या विकणाऱ्याला सांगितलं तर म्हणे, "तेवढं चालते." काहून चालते? खाली तू जाणार आहेस का?

तिन्ही परत पाठवतोय. आता सेलवरच्या तारखेचा फोटो आल्याशिवाय एक रुपया सुटणार नाही, आणि तिन्ही वेगवेगळ्या बॅचचे पाहिजेत.