वहिनी, ओटीपी देऊ नका

मुलुंडच्या वहिनींचं नवं वॉशिंग मशीन आठव्या महिन्यात बंद पडलं. तक्रार नोंदवल्यावर अठरा दिवसांनी कंपनीचा माणूस उगवला. ड्रममध्ये हात घालून त्याने दोनदा गरगर फिरवून पाहिलं, "बोर्ड गेलाय, मागवावा लागेल" म्हणाला आणि चपला घालता घालता, "मॅडम, तेवढा ओटीपी सांगा." वहिनींनी सांगितला. संध्याकाळी मोबाइलवर मेसेज: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे, धन्यवाद. मशीनमध्ये साबणाचं पाणी तसंच.

यावर आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर तीन दिवस धुमश्चक्री चालली. मला झोंबलं ते दादाचं एकच वाक्य. "इथे ग्राहकाला कुत्रं विचारत नाही. अमेरिकेत असतं तर दुसऱ्या दिवशी नवीन मशीन दारात. विचारा त्याला!"

त्याला म्हणजे मला. गेली चोवीस वर्षं हेच. खड्डे पडले, विचारा त्याला. लोकल उशिरा आली, विचारा त्याला. मी राहतो त्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबसला पॅसेंजर गाडीच येत नाही, ही गोष्ट कोणाच्या गावी नाही.

मी ग्रुपवर नुसता अंगठा टाकला. जे लिहायला हवं होतं, ते असं.

एप्रिलमध्ये आम्ही नवाकोरा सव्वीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. मेअखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीत हॉकिंग हिल्सला पहिली फेरी. रात्री पाऊस आला आणि स्लाइड-आउटच्या, म्हणजे बाहेर सरकवायच्या खोलीच्या, कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी बायकोच्या उशीवर. सकाळी जेवणाच्या टेबलाखाली पाय ठेवला तर फ्लोअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबत होती. फ्रिजने तर आदल्या संध्याकाळीच मान टाकलेली. नेलेलं श्रीखंड आम्ही चमच्याने नव्हे, वाटीने प्यायलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेलर डीलरकडे सोडला. आज ऑक्टोबर अर्धा सरला.

तिथे काम कसं चालतं ते आता मला पाठ झालंय. डीलर फोटो काढून कारखान्याला पाठवतो. किती तासांच्या मजुरीचे पैसे द्यायचे ते कारखाना ठरवतो, आणि त्याचा होकार आल्याशिवाय कोणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. फ्रिज आमचा नाही, असं कारखान्याचं म्हणणं. त्याची वॉरंटी फ्रिजवाल्याची. एसीची एसीवाल्याची, ॲक्सलची आणखी तिसऱ्याची. घराजवळच्या दुसऱ्या डीलरकडे गेलो तर "तुम्ही आमच्याकडून घेतलेला नाही" म्हणून वाटाण्याच्या अक्षता. स्लाइडचं रबरी सील नऊ आठवडे बॅकऑर्डरवर आहे, म्हणजे मागणी नोंदवलीय, माल आला की मिळेल. या देशातले बहुतेक ट्रेलर बनतात त्या इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात माझा कारखाना आहे, घरापासून गाडीने चारेक तासांवर. सील तिथे कुठल्यातरी फळीवर पडलेलं असणार. हेच मुंबईत असतं तर बाबांनी एका दुपारी लोहार चाळ नि लॅमिंग्टन रोड पालथा घालून, नाही तर नळबाजारातून कुठलंतरी जुळणारं रबर आणून बसवलं असतं. (गळलं असतंच. पण आमच्या डोळ्यांसमोर गळलं असतं.)

दादा म्हणेल, कायदा आहे ना तुमच्याकडे? आहे की. वॉरंटीचा केंद्रीय कायदा १९७५ चा, म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत निघाली त्याच वर्षीचा. शिवाय सदोष गाडी परत घ्यायला लावणारे राज्यांचे लेमन लॉ. पण कितीतरी राज्यांत ते स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या वाहनांपुरते. ट्रेलर ओढून न्यावा लागतो, म्हणून तो बाहेर. उलट दादाच्या नव्या टॉवरमध्ये न्हाणीघराची भिंत ओली झाली, तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बिल्डर बांधील, तोही कळवल्यापासून ३० दिवसांत, फुकट. माझी वॉरंटी एक वर्षाची आणि दुरुस्ती "वाजवी मुदतीत". वाजवी म्हणजे किती, ते कोणी सांगेना. हप्ते मात्र बारा वर्षांचे, दर महिन्याच्या पाच तारखेला, न चुकता.

आता कबूल करतो, ही तुलना मी माझ्या सोयीने केली. रेराचा आदेश हातात असलेले बिल्डरही कसे पळवतात हे मला माहीत आहे. आणि इथे माझ्याकडे ओटीपी कोणी मागितला नाही, चहापाण्याचं कोणी सुचवलं नाही, खोटं बोललं नाही. सर्व्हिस काउंटरवरची मुलगी दर सोमवारी गोड आवाजात सांगते, "आय टोटली अंडरस्टँड." तिच्यावर चिडता येत नाही.

खरं तर मलाच चिडता येत नाही. बाबा गिरगावात मेकॅनिकला चहा पाजून, काम होईपर्यंत समोर स्टूल टाकून बसायचे. मध्येच त्याच्यावर ओरडायचे आणि मध्येच त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करायचे. मी फोन करण्याआधी वाक्य मनात दोनदा घोळवतो. आडनावाची स्पेलिंग सांगतो, डी ॲज इन डेव्हिड. आवाज चढला की उच्चार गिरगावचे होतात आणि पलीकडची मुलगी "सॉरी?" म्हणते. मग मी थँक्यू म्हणून फोन ठेवतो. पासपोर्ट अमेरिकन होऊन अकरा वर्षं झाली, पण हक्काने भांडावं असं माणूस इथे एक नाही.

दादाचं ते वाक्यही त्याचं नाही. २००९ च्या दिवाळीत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मीच सांगितलं होतं, चार महिने वापरलेली गादी दुकानाने हसत परत घेतली म्हणून. गोष्ट खरी होती. पण ती मी किती रंगवून, किती वर्षं, किती जणांना सांगितली!

वहिनींना मी खासगीत शहाणपणाने कळवलं: पुढच्या वेळी दुरुस्ती झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका, १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यांचं उत्तर आलं: "भावजी, केला त्याच दिवशी. काल बोर्ड बसला. तुमच्या त्या चाकावरच्या घराचा फोटो पाठवा ना, पिंट्याला दाखवायचाय."

रविवारी डीलरचं यार्ड बंद असतं. तारेच्या कुंपणाबाहेरून, जाळी दिसणार नाही असा मोबाइल भोकाला लावून फोटो काढला. खिडकीवरचं कामाचं पिवळं लेबल फोटोतून कापून टाकलं आणि पाठवला.

दहा मिनिटांनी वहिनींचा मेसेज: "छानच आहे हो. पण चाकांशी गवत किती वाढलंय."