‘ताण कामात नसतो, मनात असतो’? नाही!

गेल्या महिन्यात एकच संदेश मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ताण कामात नसतो, तुमच्या मनात असतो. दबावाखालीच माणूस उत्तम काम करतो. रोज दहा मिनिटं ध्यान करा, तक्रारी सोडा, ताण आपोआप जाईल. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ज्याची झोप उडालेली आहे त्याला यातून एवढंच ऐकू येतं, की दोष तुझाच. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी ‘मनात असतो’ याबद्दल. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. जबाबदारी साहेबांवर जास्त, म्हणजे हृदयविकारही त्यांनाच जास्त, असा समज तेव्हा होता. निघालं उलटंच. हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत जास्त होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. १९८५ पासून दहा हजारांवर लोकांचा दुसरा अभ्यास झाला. त्यात एक कारण ठळकपणे पुढे आलं: स्वतःच्या कामावर स्वतःचं काही न चालणं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार नाही, ही जोडी माणसाला पोखरते.

हे मी अंगावर काढलं आहे. एका जुन्या नोकरीत रात्री पावणेअकराला वरिष्ठांचा मेसेज आला, ‘सकाळी आल्या आल्या भेट. बोलायचंय.’ बस्स, एवढाच. पहाटे तीनला मी लॅपटॉप उघडून महिन्याभराचे मेल चाळत होते, कुठे चुकलं ते शोधत. दीर्घ श्वास घेतले, आकडे मोजले, सगळं करून झालं. सकाळी कळलं, सुट्ट्यांचा तक्ता करायचा होता. ‘तक्त्याबद्दल’ हा एक शब्द त्या मेसेजमध्ये असता, तर मी झोपले असते. माझ्या मनाला त्या रात्री काही झालेलं नव्हतं. मेसेज अर्धवट होता.

‘दबावाखाली उत्तम काम’ या दाव्यामागे बहुतेक वेळा यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचं १९०८ चं संशोधन सांगितलं जातं. ते प्रयोग उंदरांवर होते! विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन, उंदीर दोन पेट्यांतला फरक किती लवकर शिकतात हे त्यांनी पाहिलं. आणि काम अवघड होतं तेव्हा जोराच्या झटक्याने शिकणं मंदावलं. माणसांच्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या ओढाताणीला यातून आधार मिळत नाही. एखाद्या दिवसाची डेडलाइन अंगात वीज आणते, हे मलाही मान्य आहे. पण ती वर्षभर रोज असेल तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये दिलेले आकडे पाहा: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त.

ध्यानाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. प्रश्न आहे तो कंपनीने बदलायच्या गोष्टींच्या जागी ध्यान ठेवण्याचा. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, अ‍ॅप, ताण हाताळण्याची प्रशिक्षणं घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बरे असल्याचं दिसलं नाही. थोडा अपवाद निघाला तो स्वयंसेवी कामात भाग घेण्याचा.

राहिला ‘तक्रारी सोडा’ हा सल्ला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पुरतं थकून जाण्याची, व्याख्या करताना त्याचं मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणात आहे असंच म्हटलं. मग कामाच्या ठिकाणी तोंड उघडायचं नाही, तर कुठे उघडायचं?

फक्त ‘फार ताण आहे’ म्हणून थांबू नका. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने हातातली अकरा कामं एका कागदावर लिहिली, प्रत्येकापुढे लागणारे तास टाकले, आणि कागद वरिष्ठांपुढे ठेवून विचारलं, ‘यातलं आधी कुठलं करू, आणि कुठलं थांबलं तर चालेल?’ त्यांनी बेरीज पाहिली, पेन मागितलं, आणि तीन ओळी खोडल्या.