नाकापेक्षा मोती जड

लेथ म्हणजे धातू गोल फिरवत कापायचं यंत्र, आणि त्याच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक म्हणजे त्याचं नाक. माझ्या म्हाताऱ्या लेथचं नाक दीड इंचाचं, इंचाला आठ आटे. या नाकासाठी मी बोहरी आळीतून तीन जबड्यांचा १६० मिलिमीटरचा नवा चक, म्हणजे काम पकडायचा पंजा, घेतला आणि तो आठ-नऊ किलोंचा मोती मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आलो. उघडून बघतो तर पाठीला आटेच नाहीत. नुसता गोल खड्डा आणि बोल्टची तीन भोकं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, चक आणि नाक जोडायला मधे बॅकप्लेट लागते. ती ज्याची त्यानं आपल्याच लेथवर बनवायची, तरच चक सरळ फिरतो." हे पैसे मोजून घेताना सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, ते जाऊ द्या.

बॅकप्लेटसाठी भोसरीहून बिडाची चकती आणली आणि जुन्या चार जबड्यांच्या चकात दोन तास खपून सेंटर केली. ओतीव बिडाची वरची कातडी वाळूनं कडक असते. भीतभीत बारीक कट घेतला, तर चकतीऐवजी टूलच झिजलं. एकदा मन घट्ट करून कातडीच्या खाली शिरावं लागतं. मग मात्र बुक्का उडतो. चहाला वर गेलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, आधी आंघोळ. वारीला गेला होतात का?"

आता आतून आटे पाडायचे आणि अधूनमधून नाकावर चढवून बघायचे. पण नाकावर आधीच चक, आणि त्या चकातच चकती! चकासकट उतरवून उलटी लावता येते म्हणे. मी लावायला गेलो. ते धूड हातात तोलत आटा शोधता शोधता नाकी नऊ आले आणि कमरेत उसण भरली.

शेवटी कंपनीतल्या जुन्या टर्नरमामांना विचारलं. "अरे, खोटं नाक बनव की! स्पिंडलसारखंच एक टोक कर आणि ते चकतीत फिरवून बघ." पण खोटं नाक बरोबर झालं हे कशावरून कळणार? "जुन्या चकाला विचार. तो इतकी वर्षं त्याच नाकावर बसलाय." म्हणजे दोन तास खपून लावलेली चकती काढा, चक उतरवा, लेथच्या दोन टोकदार सेंटरमध्ये गज धरा आणि आटे पाडा. झाकण करायला निघालो होतो, बरणी करत बसलो. त्यात दोन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी प्लेट खऱ्या नाकावर अशी चढली की जणू तिथंच जन्मली होती. आता पुढची बाजू साफ करायची आणि चकच्या खड्ड्यात घट्ट बसेल असा उंचवटा ठेवायचा. व्यासात मिलिमीटरचे वीस शतांश जास्त होते. मी टूल पुढे सरकवायच्या चाकाच्या डायलवर वीस फिरवले. आमच्या लेथवर डायलचं एक व्यासातून दोन नेतं, हे गेली तीस वर्षं मी पोरांना ओरडून सांगत आलोय. चक खड्ड्यात डुगडुगला.

मामांना पुन्हा फोन. "बोल्ट हलके आवळ, डगमग मोजायचं डायल लाव, लाकडी हातोडीनं ठोकून सेंटरला आण, मग कस." तीन शतांशांवर आणला. मामा खूश झाले, पण लगेच म्हणाले, "माझ्या भाच्याचा लेथही दीड इंची, आठ आट्यांचाच आहे. ते खोटं नाक दे जरा."

सध्या माझं नाक भोसरीत आहे.