एक कोटी लागले तर पप्प्या नोकरी सोडंल का?

एक कोटीत आयुष्य निघतंय का नाही ह्यावर परवा आमच्या कट्ट्यावर दीड तास भांडण झालं, तेबी ज्याच्या खिशात लॉटरीचं तिकीट होतं तो पप्प्या शांत अन् बाकीचेच पेटलेले. कट्टा म्हणजे लातूरला मार्केट यार्डाच्या गेटासमोर अण्णांची टपरी. मी आडतीवर मुनीम, पप्प्या पेट्रोल पंपावर, जावेदचं गॅरेज, सचिन इन्शुरन्स अन् टॅक्सची कामं करतो आणि सर कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की सर पण सुट्टीवर अन् पगार पण.

पप्प्याचं म्हणणं सरळ होतं. पगार 11 हजार. वर्षाला 1 लाख 32 हजार. एक कोटी म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आपण एवढं जगतच नाही, विषय कट.

सचिन लगेच आडवा. म्हणला तुला एक कोटी देतंय कोण? लॉटरीच्या बक्षिसाला सरसकट 30 टक्के टॅक्स, स्लॅब नाही, सूट नाही, बचतीवरची वजावट नाही, अगदी तिकिटाचा खर्च पण वजा करता येत नाही. वरून उत्पन्न 50 लाखाच्या पुढं गेलं की त्या टॅक्सवर 10 टक्के सरचार्ज अन् दोन्ही मिळून होतंय त्यावर 4 टक्के सेस. पगार सोड, नुसत्या बक्षिसाचं धर, टॅक्स होतो 34 लाख 32 हजार. हातात 65 लाख 68 हजार. आणि गंमत अशी की बक्षीस देताना ते 30 लाखच कापतात, उरलेले 4 लाख 32 हजार तुझे तुला भरावे लागतात. लोकं 70 लाख आपलेच समजून बसतात, उडवतात, अन् मग नोटीस आली की माझ्याकडं येतात.

सर म्हणले आणि ते केरळचं माहितीये का, तिथं तर बक्षिसातून एजंटचं 10 टक्के कमिशन आधी जातं. 2022 ला तिरुवनंतपुरमच्या रिक्षावाल्याला ओणम बंपरचे 25 कोटी लागले, कमिशन अन् कापलेला 30 टक्के टॅक्स जाऊन पावणेसोळा कोटीच्या आसपास राहिले. आठ दिवसात तो माणूस व्हिडिओ टाकून सांगायला लागला की हे लागलं नसतं तर बरं झालं असतं, मागणारी लोकं घरात राहू देईनात.

"मला लागू द्या, मी राहतो की घराबाहेर," जावेद म्हणला.

बरं. पासष्ट लाख अडुसष्ट. पप्प्यानं मोबाईलवर पुन्हा भागाकार केला, अकरा हजारानं जवळजवळ पन्नास वर्षं. "तरी बी निघतंय की राव, पन्नास वर्षं कमी हायत का?"

इथं सरांनी त्याला धरलं. म्हणले, तू आजचे 11 हजार पन्नास वर्षं पुरवायलास, महागाई 6 टक्के धरली तरी बारा वर्षात पैशाची किंमत निम्मी, चोवीस वर्षात पाव. तुला लेकराच्या लग्नात 11 हजारात मंडपवाला पण येणार नाही. सचिन म्हणला मग घरात कशाला ठेवतोय, एफडी कर. साडेसहा टक्क्यानं वर्षाला सव्वाचार लाख, महिना साडेपस्तीस हजार, मुद्दल तसंच. झालं, पप्प्याचं तोंड उजळलं. 35 हजार! आमच्यात तेवढा पगार कुणालाच नाही, सरांना तर अजिबातच नाही.

मग सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण अण्णा, जे एरवी मधी बोलत नाहीत, गाळणी आपटत म्हणले, "आरं पण एफडी करायला पैसा उरला पाहिजे ना. ह्याच्या घरात आधीच किती जण लायनीत उभे हायत ते इचारा की."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेत कामाचं वाक्य हेच होतं. कारण मी रोज हेच बघतो. सोयाबीन घालायला शेतकरी येतो, काटा होतो, पट्टी म्हणजे हिशोबाची चिठ्ठी तयार होते, हमाली तोलाई कापून समजा ऐंशी हजार. वर्षातनं एकदाच येणारी एकरकमी रक्कम, एक प्रकारची लॉटरीच ती. पण पट्टी हातात पडायच्या आधीच त्यातली आमच्याकडची उचल वजा होते, गेटच्या बाहेर कृषी केंद्रवाल्याचं पोरगं गाडी लावून उभं असतं, खताची अन् फवारणीची उधारी, आणि गावात पोचेपर्यंत फोन चालू असतोय कुणाचातरी. त्यानं काय उडवलं? काहीच नाही. बिचाऱ्यानं फक्त मागचं फेडलं. 2024 ला तर हमीभाव 4892 अन् बाजारात त्याच्या खाली कितीतरी, मग फेडून पण फिटत नव्हतं.

तर आम्ही पप्प्याला बसवलं अन् म्हणलं सांग, लायनीत कोण कोण. आधी लाजला, मग सांगायला लागला ते थांबंना.

गावाकडं पत्र्याचं घर, स्लॅब टाकायचा म्हणून भिंती तीन वर्षं झाले तशाच उभ्या, त्याला 8 लाख. बहिणीच्या लग्नाचं देणं साडेतीन लाख, त्यातलं काही गटाचं काही एका सावकाराचं. बापाचे गुडघे, दोन लाख. बायकोचं गंठण अन् कानातले गहाण, सोडवायला दीड. चुलत्याकडचे हातउसने एक लाख, ज्याच्यापायी दिवाळीला तो चुलत्याच्या घरी जात नाही. आणि पोरगं आठवीत, दोन वर्षांनी क्लास लावावा लागणार, लातुरात राहून पोराला क्लास नाही लावला तर लोकं बापाकडं बघतात तसं बघतात, त्याचे अकरावी-बारावी धरून तीन लाख. एकोणीस लाख झाले. ह्यात गाडी नाही, फिरायला जाणं नाही, नवा मोबाईल नाही. एक पण गोष्ट चैनीची नाही बरं का.

सचिनला मी म्हणलं आता सांग, टीव्हीवर ते म्हणतात ना की गरीब माणसाला पैसा मिळाला की सांभाळता येत नाही, उधळतो. ह्यातलं उधळलं कुठलं? कमी पगाराचा माणूस स्वस्तात जगतो असं नसतंय, तो अर्धं जगणं पुढं ढकलत असतो, आणि ढकललेलं सगळं बक्षिसाच्या दिवशी एकदम दारात येतं.

सचिन हुशार आहे, तो म्हणला मान्य, पण मग आधी सावकाराचं फेड, कारण ते शेकडा तीननं आहे ना? पप्प्या हो म्हणला. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस टक्के. एफडी देती साडेसहा. म्हणजे पप्प्यासाठी जगातली सगळ्यात भारी इन्व्हेस्टमेंट म्हणजे त्याचं स्वतःचं कर्ज फेडणं, ह्याच्यापुढं कुठलाच म्युच्युअल फंड टिकत नाही. हे मात्र पटलं सगळ्यांना.

जावेदनं त्याच्यावर अजून एक टाकली. गरिबाला सगळं महागच पडतंय म्हणला. रिचार्ज 28 दिवसाचा, म्हणजे वर्षाला तेरा महिने. वर्षाचा एकदम मारला तर स्वस्त पडतो पण एकदम तीन-साडेतीन हजार आणायचे कुठून? तेल पाऊचनं, शॅम्पू पुडीनं, गाडीत पेट्रोल पन्नासचं. पप्प्या म्हणला पन्नासचं टाकणारे रोज बघतो, त्यातला मी पण एक, स्वतःच्याच पंपावर. रेशनचं पाच-पाच किलो धान्य फुकट मिळतंय म्हणून चूल चालती, नाहीतर खोलीभाडं 3 हजार अन् गटाचा हप्ता 2600 गेला की हातात उरलेल्यात सिलिंडर, लाईट, दूध, पोराची रिक्षा, अन् महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणावाल्याची वही. बायको ब्लाऊज शिवती म्हणून भागतंय.

मग सर म्हणले ठीक, एकोणीस लाख बाजूला काढा. 65 लाख 68 मधून राहिले साडेशेहेचाळीस. साडेसहानं महिना 25 हजार. "बसून 25 हजार, सर!" पप्प्या अजून खुशीतच. सर म्हणले थांब, हे 25 सगळे खाल्ले तर बारा वर्षांनी ते साडेबाराचे असतील. त्यामुळं निम्मंच व्याज खायचं अन् निम्मं परत मुदलात टाकायचं. म्हणजे साडेबारा हजार. म्हणजे पंपावर मिळतात त्याच्यापेक्षा दीड हजार जास्त.

टपरीवर एक मिनिट कुणी बोललं नाही. एक कोटीची लॉटरी लागून, सगळी देणी फेडून, माणूस पुन्हा 12 हजारावरच! जावेद म्हणला ए हे काय हिशोब झाला का, चीटिंग आहे ही. मी पण कागदावर करून बघितलं, आकडा तोच. अर्थात देणं फिटलेलं, डोक्यावर स्लॅब, बायकोच्या गळ्यात गंठण, अन् पंपावर उभं राहायचं नाही, हे काय थोडं नाही. मी तर म्हणतो ह्या एकोणीस लाखातच खरी लॉटरी आहे, उरलेलं नुसतं व्याजाचं गणित.

जावेद काही ऐकंना. त्याचं म्हणणं एफडी ही म्हाताऱ्याची आयडिया, पैसा फिरवला पाहिजे, जेसीबी घ्यायचा, भाड्यानं द्यायचा. ह्यावर मी संभाजीनगरकडची गोष्ट काढली. शेंद्रा-बिडकीनच्या पट्ट्यात इंडस्ट्रीसाठी जमिनी गेल्या, एकरी 23 लाखाच्या हिशोबानं मावेजा मिळाला. शहाण्यांनी दुसरीकडं जमीन घेतली, काहींनी बंगला अन् मोठ्ठ्या पांढऱ्या गाड्या घेतल्या, अन् ज्यांनी जेसीबी घेतले त्यांना कळलं की शेजारच्या तिघांनी पण जेसीबीच घेतलाय, मग भाडं कोण देणार? जावेद म्हणला त्यांच्यात गॅरेजवाला कुणी नव्हता. हे उत्तर पण बरोबरच आहे म्हणा, मशीन समजणाऱ्यानं मशीन घेतलेलं वेगळं.

अण्णांनी मधीच त्या अंजनगाव सुर्जीच्या बाईंची आठवण काढली, ज्यांनी 2019 ला केबीसीत एक कोटी जिंकले, शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना 1500. सरांनी तिथल्या तिथं हिशोब मारला, टॅक्स जाऊन राहिलेल्या रकमेला 1500 नं भागलं तर 365 वर्षांचा पगार. तीनशे पासष्ट वर्षं! हसावं का काय कळंना. ह्यात बक्षीस मोठं म्हणायचं का पगार लहान, तुम्हीच ठरवा. त्या निदान उत्तरं देऊन जिंकल्या, आमचा पप्प्या नुसता नंबर बघतो.

मग पप्प्यानं मुद्द्याचं विचारलं. "बरं ते जाऊ द्या, मला देणं फेडून जन्मभर महिना 25 हजार मिळावेत, वर्षाला थोडे थोडे वाढावेत, तर किती लागले पाहिजेत?"

सर अन् सचिन दोघं मिळून बसले. निम्मं व्याज खायचं म्हणलं तर मुद्दल 92 लाख पाहिजे. अधिक एकोणीस, एक कोटी अकरा. पण हे टॅक्स कापून. कोटीच्या वर गेलं की सरचार्ज 15 टक्के, म्हणजे सगळं मिळून जवळजवळ 36 टक्के जाणार. उलटं काढत गेलं तर बक्षीस पाहिजे पावणेदोन कोटीचं.

पावणेदोन कोटी. कशासाठी, तर देणं नसलेलं घर अन् महिना 25 हजार, जो वर्षाला थोडा थोडा वाढतो. आता हेच दुसऱ्या बाजूनं बघा. असला पगार देती कोण, तर सरकारी नोकरी. पोलीस शिपायाचं बेसिकच 21,700, वर महागाई भत्ता, घरभाडं. म्हणजे पर्मनंटची ऑर्डर निघाली की पोराच्या हातात कोटीचं तिकीट पडलं असंच समजा. 2024 च्या पोलीस भरतीला 17 हजारांच्या आसपास जागा होत्या अन् अर्ज 17 लाखाच्या वर, शंभरात एक. पहाटे चार वाजता क्रीडा संकुलाकडं पळणारी पोरं बघून लोकं म्हणतात सरकारी नोकरीचं वेड लागलंय ह्यांना, अभ्यासिकेत तीस वर्षांचे होईपर्यंत बसतात, धंदा करा की. मला आता ते वेड वाटत नाही. ज्याच्या घरात पप्प्यासारखी लाईन लागलीय त्यानं शंभरात एकचा चान्स सोडून लाखात एकच्या मागं का जावं?

पप्प्या म्हणला माझं वय गेलं, चौतीस. सचिन म्हणला म्हणून तर तू तिकीट घ्यायलास.

सर मात्र कागदाकडंच बघत बसले होते. म्हणले एका संस्थेत पर्मनंट जागेचे मला 40 लाख सांगितले होते, मी तिथं शिव्या घालून आलो होतो. असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिक 57,700. ह्या हिशोबानं बघितलं तर साल्यांनी स्वस्तच सांगितलं होतं की.

"मग घ्या की सर," पप्प्या म्हणला, "मला लागली की देतो तुम्हाला चाळीस."

"खरंच देशील?"

"देतो की. शेकडा तीननं."