फिजिओ म्हणजे नुसता शेक नव्हे

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा कशाकशाची होते? सर्जन कोण, हॉस्पिटल कुठलं, इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा कृत्रिम सांधा, इंडियन की इम्पोर्टेड, मेडिक्लेममधून किती सुटतील. फिजिओचं, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं, नाव निघतं थेट डिस्चार्जच्या दिवशी आणि तेही "घरी यायचे किती घेतात हो" एवढंच. लाखांनी पैसे ओतायचे आणि पाय चालता करणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची, हे मला अजिबात पटत नाही.

माझ्या मावशीची नी रिप्लेसमेंट झाली तेव्हा हे सगळं जवळून बघितलंय. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओ मॅडम हजर. आधी पावलं वरखाली हलवायला लावली, पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, गुडघा खाली गादीकडे दाबा, पाच म्हणेपर्यंत सोडू नका." बघायला काहीच नाही वाटत, पण मावशीला घाम फुटला होता, कारण ऑपरेशननंतर सूज आणि दुखण्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू काम करायचंच सोडून देतो. आतला सांधा नवा कोरा असला तरी त्याला उचलणारा स्नायू जागा झाला नाही तर पाय लटपटतोच, आणि पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकवला नाही तर आत जखमेचे टिश्यू घट्ट होऊन बसतात, मग पुढे कितीही जोर लावा, वाकत नाही. म्हणून तर त्या दर वेळी कोन मोजायची ती पट्टी लावायच्या, किती वाकतोय आणि किती सरळ होतोय दोन्ही लिहून ठेवायच्या.

सरळ होण्याचं लोक विसरतातच. भेटायला येणारी प्रत्येक बाई प्रेमाने सांगायची, गुडघ्याखाली उशी ठेवा, बरं वाटतं. बरं वाटतं हे खरंय, पण तसाच वाकडा राहिला की पुढे चालताना पाय आखूड पडल्यासारखा होतो. मॅडमनी पहिल्याच दिवशी उशी काढायला लावली.

आता मशीनबद्दल. आयएफटी आणि टेन्स (हलका विजेचा प्रवाह देणारी), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं), डायथर्मी (आतपर्यंत शेक देणारं), यांनी दुखणं काही वेळ कमी होऊ शकतं आणि त्या वेळात व्यायाम करून घेता येतो, माझा त्याला विरोध नाही. पण वीस मिनिटं पट्टे लावून पेशंटला घरी पाठवलं तर ताकद कुठून येणार? घरी काय करायचं आणि गेल्या आठवड्यापेक्षा काय सुधारलं, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

मेंदूच्या झटक्याने होणाऱ्या पॅरालिसिसमध्ये तर याहून वाईट होतं. मेंदूचा वाचलेला भाग नव्याने शिकतो, पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतली तरच, आणि सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. नेमके तेच दिवस आपण तेल मालिश आणि या गावचं त्या गावचं औषध यात घालवतो. वर पेशंटला उठवताना लुळा हात धरून ओढतो, त्यात खांदा निखळायला येतो. काय बोलायचं!

आणि फिजिओला "मालिशवाली" म्हणणं आधी बंद करा. बारावी सायन्सनंतर चार-पाच वर्षं घासून डिग्री मिळते. 1950च्या दशकात मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी गरज पडली आणि केईएम हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, एवढा जुना हा विषय आहे आपल्याकडे.

घरी बोलावणं सगळ्यांना परवडत नाही हे मान्य. पण मुंबईत केईएम, सायन, पुण्यात ससून, या हॉस्पिटलांत सगळीकडे फिजिओची ओपीडी आहे, पैसेही फार लागत नाहीत, रांगेत बसायची तयारी हवी. आणि ऑपरेशनची तारीख घेतानाच सर्जनला विचारा की आत्तापासून कुठले व्यायाम सुरू करू, कारण मांडीत ताकद असेल तर नंतर उठणं सोपं जातं. मावशीच्या धाकट्या जाऊबाईंचंही ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्यात. मावशी रोज सकाळी फोन करून त्यांच्याकडून टॉवेलवाला व्यायाम करून घेते, पाच मोजते स्वतः.