काकांचं टोरांटो आणि वॉचमनची केबिन

निफाडचा पारा कालही घसरलाच, त्यामुळे कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. शेकोटीभोवती सगळे दाटीवाटीने बसलेले, रेखाताईंचा आल्याचा चहा उकळत होता, आणि विलासकाकांनी तोंड उघडलं.

"सात अंशाला एवढा बोभाटा? आमच्या टोरांटोत उणे वीसला बायका लेकरं बाबागाडीत घालून फिरायला निघतात!"

मुलाकडे एक हिवाळा काढून आल्यापासून टोरांटो 'आमचं' झालंय. पाऊस पडला तरी टोरांटो, रस्त्यात खड्डा दिसला तरी टोरांटो.

"आपली माणसंच नाजूक," काका पुढे म्हणाले. "कानटोपी, मफलर, वर शाल, तरी कुडकुडणं चालूच. तिकडच्यांच्या हाडातच थंडी मुरलेली असते."

फौजी नाना तोवर काटक्या सारत होते. नानांनी काश्मीरमध्ये कुपवाड्याला कैक हिवाळे काढलेत. ते त्याबद्दल आपणहून कधी बोलत नाहीत, पण थंडीच्या विषयात शेवटचा शब्द त्यांचाच असावा असं मला मनापासून वाटतं.

"काका, तिकडे मुलाच्या घरात किती तापमान असतं?"

"बावीस! घरात टी-शर्टवर असायचो आम्ही."

"मग हाडात मुरते कधी?"

पक्याला ठसका लागला. काका मात्र मागे हटणारे नव्हेत. "अहो, कायदाच आहे तसा. भाड्याचं घर हिवाळ्यात एकवीसच्या खाली गेलं तर महापालिकेकडे तक्रार करता येते. आणि शहराच्या मध्यभागी जमिनीखालून तीसेक किलोमीटरच्या वाटा आहेत. स्टेशनातून ऑफिसात, ऑफिसातून मॉलमध्ये, बाहेर पडायलाच नको."

"म्हणजे माणसं कणखर नाहीत, महापालिका कणखर आहे," नाना म्हणाले.

इथे पक्याने कोरिया काढला. कंपनीने त्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे जमीनच तापवतात. पूर्वी स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि धग जमिनीखालच्या पोकळीतून फिरवून पलीकडे धुराड्याने बाहेर काढायचे, आता फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात. माणसं जमिनीवरच गादी घालून झोपतात. "पाठीला अशी ऊब लागते ना, सकाळी उठवत नाही," पक्या म्हणाला.

"तू इथे तरी कधी सकाळी उठलायस?" रेखाताई. त्यावरून पक्याची उधारी निघाली, उधारीवरून गणपतीची वर्गणी, आणि वर्गणीवरून मंडपाच्या ताडपत्र्या कुणी नेल्या हा जुना वाद. त्या मंगेशच्या द्राक्षबागेत आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मंगेश कबूल करत नाही.

नानांनी गाडी रुळावर आणली. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, कडाक्याच्या थंडीचे. वांगी, टोमॅटो, दुधी उन्हाळ्यातच वाळवून ठेवलेले. अंगात फेरन, म्हणजे सैल लांब झगा, आणि फेरनच्या आत कांगडी, म्हणजे बारीक फांद्यांच्या विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं आणि त्यात निखारे. "बाई एका हाताने भांडी घासते आणि दुसरा हात बाहीतून आत, कांगडीवर. तुम्ही म्हणाल काय छान. त्याच निखाऱ्यांनी पोटाची, मांड्यांची कातडी वर्षानुवर्षं भाजते. पुढे तिथेच कॅन्सर होतो. तिकडचे डॉक्टर त्याला कांगडी कॅन्सरच म्हणतात. ज्यांची ऐपत आहे त्यांच्या घरी हमाम असतो, खाली जाळ आणि वर तापलेली दगडी फरशी. पक्याच्या कोरियासारखंच. ज्याला फरशी परवडत नाही तो निखारे पोटाशी धरतो."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी माझं म्हणणं मांडलं, कारण हे मला फार दिवस सांगायचं होतं. रशियात याकुत्स्कला उणे चाळीसला मुलं शाळेत जातात. तिथली जमीन खोलवर कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळून घर खचू नये म्हणून इमारती खांबांवर उभ्या आहेत आणि घराघरात गरम पाण्याचे पाइप फिरवलेत. याउलट पोर्तुगालची हवा कितीतरी सौम्य. पण हिवाळ्यात मृत्यूंचं प्रमाण जितकं तिथे वाढतं, तितकं फिनलंडमध्ये वाढत नाही, कारण पोर्तुगालातल्या कित्येक घरांत ऊब टिकतच नाही. आणि आपल्याकडे उत्तरेत चार-पाच अंशाला फुटपाथवर माणसं दगावतात. त्यांना नाजूक म्हणायचं?

"बघा!" मंगेश उसळला. "मी पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो. ड्रिप सोडतो, विहिरीचं पाणी कोमट असतं म्हणून. नाहीतर फुगवण थांबते, मणी तडकतात. द्राक्षाला जपावं लागतं, मग माणसाला नको?"

"पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येतात, ती माणसं तुझ्या बागेत झोपतात कुठे?" नानांनी शांतपणे विचारलं.

मंगेश खाली बघायला लागला. "ताडपत्री लावलीय की."

"मंडळाची!" पक्या ओरडला, आणि जो हशा पिकला त्यात मंडपाचा जुना वाद कायमचा निकालात निघाला. मंगेशने मात्र हसू ओसरल्यावर सांगितलं की या हंगामात पत्र्याची खोली बांधतो. तो बांधेल. मी त्याला ओळखतो.

काका खुशीत आले होते, आता आपली सुटका झाली म्हणून. नाना त्यांच्याकडे वळले. "सोसायटीचे चेअरमन तुम्ही. वॉचमनच्या केबिनला दार बसवायचा ठराव कुणी पाडला?"

"दार लावलं तर झोपतील ते! आणि खर्च..."

"रात्री केबिनमध्ये किती तापमान असतं, काका?"

"बाहेर असेल तेवढंच असणार."

"वॉचमन सत्तरीला आलाय. उद्या रात्री त्याच्या खुर्चीवर तुम्ही बसा. तुमचं टोरांटोचं जाकीट घालून बसा, माझी हरकत नाही."

काका तावातावाने उठले. "अहो, हे जाकीट म्हणजे..." आणि शेकोटीतली ठिणगी उडून नेमकी बाहीवर बसली. क्षणात भोक पडलं आणि आतली पांढरी पिसं भसाभस बाहेर यायला लागली. रेखाताईंच्या चहात पिसं, नानांच्या मिशीत पिसं, काका दोन्ही हातांनी बाही दाबून उभे.

"काका, आत कोंबडी आहे का हो?" पक्याने विचारलं.

"कोंबडी नाही रे गाढवा, हंस आहे! कॅनडाचा!"

रेखाताई हसून हसून खालीच बसल्या. नाना तेवढ्यात म्हणाले, "दाराचं रविवारी मीटिंगमध्ये घ्या," आणि काका पिसं गोळा करता करता "घेतो हो, घेतो" म्हणाले. ते सगळ्यांनी ऐकलंय.